इंजिनाला धरायचं किती, सोडायचं किती?

एक साधा प्रयोग सुचवतो. पुढच्या वेळी गाडी गॅरेजात नेलीत, की मेकॅनिकला बॉनेट उघडायला सांगा आणि थोडं बाजूला उभं राहून बघा. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू असू द्या. आत बसलेल्या माणसाने अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला, की सगळं इंजिन एका अंगाला कलतं. झोपेत माणसाने कूस बदलावी तसं. पाय उचलला की पुन्हा मूळ जागेवर येतं. शंभर-सव्वाशे किलोचा तो लोखंडाचा गोळा असा हलताना पहिल्यांदा पाहिला की वाटतं, काहीतरी ढिलं झालं असणार. पण ते ढिलं झालेलं नसतं. त्याला मुद्दाम हलायची सवड दिलेली असते. ती सवड देणारी वस्तू म्हणजे रबराचे तीन-चार तुकडे. गॅरेजच्या भाषेत इंजिन माउंटिंग.

कवितेच्या माणसाने इंजिनाच्या माउंटिंगवर का बोलावं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मी मेकॅनिक नाही, इंजिनिअरही नाही. बी. ए. झालेला माणूस आहे. पण गाडीतल्या या सगळ्यात दुर्लक्षित वस्तूला एक इतिहास आहे आणि त्या इतिहासात एक प्रश्न पुन:पुन्हा येतो. ताकद वाढली, की तिचा उलटा धक्का कोणी सोसायचा? आजकाल आपल्या शहरांतली तरुण मुलं गाडीला टर्बो बसवतात, असलेल्या टर्बोचा दाब वाढवतात आणि मग इंजिन हलू नये म्हणून माउंटिंग कडक करून घेतात. त्यांच्याही नकळत ती हाच जुना प्रश्न सोडवत असतात. म्हणून हा विषय.

आधी धक्का येतो कुठून ते बघू. न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेत पाठ केला. क्रिया तेवढीच प्रतिक्रिया. इंजिन क्रँकशाफ्टला एका दिशेने पिळतं, तेव्हा इंजिनाच्या धडालाही तेवढ्याच जोराचा उलटा पीळ बसतो. ओल्या चादरीचं एक टोक पिळताना दुसरं टोक कोणीतरी घट्ट धरावं लागतं, तसंच हे. शिवाय इंजिन नुसतं पिळत नाही, थरथरतही असतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला साडेसातशे फेऱ्यांवर शांत उभं असतं, तेव्हासुद्धा आत सेकंदाला पंचवीस स्फोट होत असतात. त्यात पिस्टनची वर-खाली धाव. धावेच्या वरच्या अर्ध्या भागातली आणि खालच्या अर्ध्या भागातली गती तंतोतंत सारखी नसते, त्यामुळे इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा एक उभा हादरा उरतोच. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने हा हादरा मारण्यासाठी इंजिनाच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणाऱ्या दोन जादा दांड्यांची युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काढली होती. युक्ती चोख होती, पण खर्चीक. सर्वसामान्यांच्या गाडीपर्यंत ती पोचायला अनेक दशकं जावी लागली.

सुरुवातीच्या मोटारींत इंजिन थेट चासीला बोल्टने आवळलेलं असे. लोखंडाला लोखंड. रस्ते खडबडीत, चासी लवचीक. खड्ड्यात एक चाक गेलं की चासी पिळायची आणि तिच्याबरोबर इंजिनाचं कवच पिळून तडकायचं. यावर उपाय निघाला तो तीन पायांच्या स्टुलासारखा. चार पायांचं स्टूल उंचसखल जमिनीवर डुगडुगतं, तीन पायांचं कुठेही नीट बसतं. फोर्डच्या १९०८ सालच्या मॉडेल टी गाडीत इंजिन असं तीन ठिकाणी टेकवलेलं होतं. कवच तडकायचं थांबलं. थरथर मात्र थांबली नाही. ती चासीतून फळ्यांत, फळ्यांतून बैठकीत आणि बैठकीतून माणसाच्या पाठीच्या कण्यात जात राहिली. त्या काळच्या मोटारी खडखडायच्या असं आपण म्हणतो, त्यात रस्त्याइतकाच इंजिनाचाही वाटा होता. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी सहा आणि आठ सिलिंडरच्या मऊ चालणाऱ्या गाड्या घेतल्या. बाकीच्यांनी चार सिलिंडरचा खडखडाट नशिबाचा भाग म्हणून सोसला.

हा भेद पहिल्यांदा जोरात हलवला तो १९३१ साली. जगावर महामंदीचं सावट होतं. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने प्लिमथ पीए नावाची चार सिलिंडरची स्वस्त गाडी बाजारात आणली आणि तिच्या इंजिनाच्या बैठकीला नाव दिलं ‘फ्लोटिंग पॉवर’, म्हणजे तरंगती शक्ती. नाव जाहिरातीचं होतं, पण त्यामागचा विचार खरा होता. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी असं म्हटलं, की इंजिनाला हलायचंच आहे ना, मग त्याला स्वत:च्या वजनाच्या मध्याभोवती हलू द्या. त्यांनी दोन रबरी आधार दिले. एक पुढे, उंचावर, पाण्याच्या पंपाच्या खाली. दुसरा मागे, खाली, गिअरबॉक्सपाशी. या दोन आधारांना जोडणारी कल्पित रेषा इंजिनाच्या वजनाच्या मध्यातून जाईल असा बेत होता. त्या रेषेभोवती इंजिन झोपाळ्यासारखं झुलू लागलं. ते फार झुलू नये म्हणून बाजूला एक पोलादी पट्टीची स्प्रिंग दिली. थरथर जवळजवळ सगळी रबरातच जिरली. आठ सिलिंडरची मऊ चाल आणि चार सिलिंडरचा खर्च, असा कंपनीचा दावा होता.

याबद्दल एक हकिकत सांगतात. कारखान्यातून निघालेल्या पहिल्या काही गाड्यांपैकी एक वॉल्टर क्रायस्लर स्वत: चालवत हेन्री फोर्डकडे घेऊन गेला, ती त्याला दाखवली, तिथेच भेट देऊन टाकली आणि स्वत: टॅक्सी करून घरी परतला. प्रतिस्पर्ध्याच्या दारात आपला माल ठेवून येण्याचा हा रुबाब रबराच्या दोन तुकड्यांच्या जोरावर होता! मंदीत इतरांची विक्री गडगडत असताना त्या वर्षी प्लिमथ अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने ही बैठक आपल्या गाड्यांत आणली आणि गाडीच्या तोंडावरच्या चिन्हात पाण्यावर तरंगणारा हंस घातला. इंजिनाच्या रबरासाठी हंसाची उपमा एखाद्या कवीला सुचली नसती, ती मोटार कंपनीला सुचली.

या घराण्याच्या गाड्यांशी आपलंही नातं आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला याच क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ गाड्या जोडायला घेतल्या. फियाट नंतर आली. त्या फियाटची पद्मिनी झाली आणि २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून निरोप घेईपर्यंत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. ज्यांनी जुन्या टॅक्सीतून सिग्नलला थांबून प्रवास केला आहे, त्यांना माउंटिंग गेलेलं इंजिन म्हणजे काय हे सांगायला नको. दाराची काच, गिअरचा दांडा, आरसा, सगळं एका सुरात थरथरायचं. आपण पंधरा मिनिटांत उतरून जायचो. ड्रायव्हर दहा-बारा तास त्याच थरथरीवर बसलेला असायचा. रबराचा एक तुकडा वेळेवर बदलला नाही की त्याचं काम माणसाचं शरीर करतं.

रबर हा मोठा गुणी पदार्थ आहे, पण अमर नाही. माउंटिंगमध्ये ते दोन पोलादी पत्र्यांच्या मध्ये घट्ट चिकटवलेलं असतं. इंजिनाची उष्णता, गळणारं तेल आणि वर्षं यांनी ते कडक होतं, भेगाळतं आणि एक दिवस पत्र्यापासून सुटतं. सुटलं तर काय होतं, याचा धडा अमेरिकेला १९७१ साली मिळाला. १९६० च्या दशकातल्या शेव्हरोले गाड्यांची माउंटिंगं सुटू लागली होती. त्या मोठ्या व्ही-एट इंजिनांची ताकद अशी, की डावं माउंटिंग तुटलं आणि ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की इंजिन त्या बाजूने चक्क वर उचललं जाई. वर जाताना अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी ओढली किंवा अडकली जाई. म्हणजे पाय उचलला तरी गाडी पळत राहायची. त्याच झटक्यात ब्रेकला मदत करणारी हवेची नळीही निसटू शके. वेग वाढतोय आणि ब्रेक जड झालाय, अशा अवस्थेत माणूस सापडे. तक्रारी साचत गेल्या. ग्राहकांच्या बाजूने लढणाऱ्या राल्फ नेडर यांनी आणि सरकारी सुरक्षा यंत्रणेने पाठपुरावा केला. अखेर १९७१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. तोवर इतकी मोठी परतबोलावणी झाली नव्हती.

आणि दुरुस्ती काय केली? रबर बदललं नाही. इंजिनाला एक पोलादी तारेचा दोर बांधला, म्हणजे रबर सुटलं तरी इंजिन फार उचललं जाऊ नये. चाळीस वर्षांपूर्वी ज्याला तरंगायला मोकळं सोडलं होतं, त्याला पुन्हा दाव्याने बांधायची वेळ आली. ही दोन टोकं लक्षात ठेवा, मोकळं सोडणं आणि बांधणं. पुढची सगळी कथा या दोन टोकांमधलीच आहे.

दरम्यान गाडीची रचनाच बदलली होती. १९५९ साली अलेक इसिगोनिस यांची मिनी आली. इंजिन आडवं आणि पुढची चाकं ओढणारी. आपल्याकडे १९८३ साली आलेली मारुती ८०० याच घडणीची आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक लहान गाड्या तशाच. या घडणीने माउंटिंगवरचा भार एकदम वाढवला. कारण समजून घेण्यासारखं आहे. जुन्या फियाटमध्ये वेग कमी करून जोर वाढवणारे शेवटचे दाते मागच्या अ‍ॅक्सलमध्ये असायचे. त्यांचा उलटा धक्का अ‍ॅक्सल आणि मागच्या स्प्रिंगा सोसायच्या. आडव्या इंजिनात हे सगळे दाते इंजिनाला जोडलेल्या एकाच कवचात आले. त्यामुळे चाकांना मिळणारा सगळा पीळ उलट्या दिशेने त्या तीन-चार रबरांवरच येऊ लागला.

थोडं गणित करू. समजा, इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याची ताकद, १०० न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये ती साधारण बारा पट होते, म्हणजे १२०० न्यूटन-मीटर. तेवढाच उलटा पीळ माउंटिंगवर. आधारांमधलं अंतर अर्धा मीटर धरलं, तर एकेका टोकाला जवळपास २४५ किलोचा ओढा बसतो. आता टर्बो लावून टॉर्क १८० केला. टायरने पकड सोडली नाही, तर तोच ओढा ४४० किलोवर जातो. रबर मात्र तेच, जे १०० साठी बनवलं होतं. शिवाय हा भार दगडासारखा शांत बसून राहत नाही. चाक घसरतं, पकडतं, पुन्हा घसरतं, पुन्हा पकडतं. सेकंदात कित्येकदा असे घण बसतात. माउंटिंग बहुतेक वेळा तुटतं ते या घणांनी.

आता टर्बोकडे वळू. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम वायूने एक पंखा फिरवायचा, त्या पंख्याने दुसरा पंखा फिरवून जादा हवा इंजिनात कोंबायची, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचं पेटंट १९०५ सालचं. आधी ती जहाजांच्या डिझेल इंजिनांत रुळली, मग विमानांत. रस्त्यावरच्या मोटारीत ती १९६२ साली अमेरिकेत आली, ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून. युरोपात बीएमडब्ल्यूने १९७३ साली २००२ टर्बो काढली. १९७७ साली रेनोने टर्बोची गाडी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरवली आणि त्याच सुमारास स्वीडनच्या साबने टर्बोला रोजच्या वापराच्या कौटुंबिक गाडीत आणून बसवलं. आपल्याकडे डिझेल गाड्यांनी टर्बो घरोघर पोचवला. पेट्रोल टर्बोची हौस पुरवणाऱ्या गाड्यांपैकी काही तर महाराष्ट्रातच जोडल्या गेल्या. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २००४ साली औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यातून आणि फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ साली पुण्याजवळच्या चाकणमधून.

कंपनीने जी गाडी टर्बोसकट बनवली, तिची माउंटिंगं, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं त्या ताकदीला धरून ठरवलेलं असतं. अडचण सुरू होते ती नंतर, गॅरेजात ताकद वाढवली की. साध्या इंजिनापेक्षा टर्बोच्या इंजिनाला हलणं जास्त महागात पडतं. टर्बोतून निघालेली दाबाची हवा थंड करणारा इंटरकूलर गाडीच्या अंगाला बसवलेला असतो आणि टर्बो इंजिनाच्या अंगाला. दोघांना जोडणारे रबरी होज इंजिनाच्या प्रत्येक कलंडण्याबरोबर ओढले जातात आणि ऐन जोरात फट्कन निसटतात. एक्झॉस्टच्या पाइपला तडे जातात. गिअर नीट पडत नाही. टर्बोच्या आचेने जवळचं रबर आणखी लवकर मरतं. म्हणजे माउंटिंग मजबूत करण्याची गरज खरीच आहे. ती नुसती हौस नव्हे.

मजबूत करण्याच्या पायऱ्या आहेत. पहिली, जुन्या रबराच्या जागी नवीन कंपनीचं रबर. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागतं. दुसरी, रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्यांत पॉलियुरेथेन भरणं. हा पदार्थ ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत शोधला. पातळ ओतता येतो आणि वाळला की चिवट होतो. तिसरी पायरी, सगळं माउंटिंगच पॉलियुरेथेनचं. आणि शेवटची, रबर काढून टाकून थेट अ‍ॅल्युमिनियम किंवा पोलादाचा ठोकळा. म्हणजे फिरून १९०८ च्या आधीच्या जमान्यात.

हे शेवटचं टोक शर्यतीतून आलं. १९६७ च्या जूनमध्ये हॉलंडमधल्या झांडफूर्टच्या शर्यतीत लोटस ४९ ही गाडी पहिल्यांदा उतरली आणि जिम क्लार्कने ती जिंकून दाखवली. तिच्यात इंजिनाला धरणारी चौकट मागे नव्हतीच. कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागच्या भिंतीला थेट बोल्टने जोडलं होतं आणि मागची चाकं त्या इंजिनालाच. इंजिन स्वत:च गाडीचा कणा झालं. वजन वाचलं, गाडी ताठ झाली. पण त्या इंजिनाचं कवच हा भार घेण्यासाठीच घडवलेलं होतं. आणि ड्रायव्हर तीत दीड-दोन तास बसणार, रोज ऑफिसला जाणार नव्हता. आपण शर्यतीतून ताठपणा उचलतो, या दोन अटी मात्र तिथेच राहतात.

रस्त्यावरच्या गाडीत ठोकळा घातला तर काय होतं? थरथर कुठेच जिरत नाही. ती पत्र्यात जाते, स्टिअरिंगमध्ये जाते, मीटरच्या पॅनेलमध्ये जाते. सिग्नलला उभ्या गाडीत दात वाजावेत अशी गत होते. आणि रबर असताना जो घण रबर सोसत होतं, तो आता ब्रॅकेट, बोल्ट, गिअरबॉक्सचं कवच आणि चासीचे वेल्डिंगचे सांधे सोसतात. रबर तुटलं तर बदलता येतं. कवच तडकलं तर गिअरबॉक्स गेला. त्यातही एक ठोकळा आणि बाकी जुनी मऊ रबरं असा मेळ सर्वांत वाईट. कडक माणसावर घरातला सगळा भार पडावा तसा सगळा ओढा त्या एका ठोकळ्यावर येतो आणि तिथलं ब्रॅकेट तुटतं.

आमच्या भागातल्या एका गॅरेजात एकदा हाच संवाद ऐकला. विशी-बाविशीतला मुलगा होता. म्हणाला, ‘‘चाचा, सगळी माउंटिंगं एकदम कडक करून टाका. इंजिन हललंच नाही पाहिजे.’’ चाचांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘बेटा, इंजिन हलायचं थांबलं की दुसरं काय हलेल, ते आधी सांग.’’ मुलगा हसला. चाचा हसले नाहीत. त्यांनी त्याला खालचा टॉर्क रॉड दाखवला. इंजिनाला मागून धरून ठेवणारा हा एक छोटा हात असतो, दोन्ही टोकांना बुश असलेला. इंजिनाचं वजन तो उचलत नाही, फक्त कलंडणं रोखतो. त्यामुळे तो थोडा कडक केला तर गाडीत थरथर कमी वाढते आणि कलंडणं पुष्कळ कमी होतं. ‘‘आधी हा करू. वजन उचलणारी दोन रबरं कंपनीचीच नवीन टाकू. महिनाभर चालव, मग बोल.’’ कोणत्या ठिकाणी धरायचं आणि कोणत्या ठिकाणी सोडायचं, हा क्रायस्लरच्या इंजिनिअरांचाच हिशेब त्या चाचांनी गॅरेजच्या फरशीवर बसून मांडला होता.

इथे कायद्याचाही एक शब्द सांगायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे रस्त्यावरच्या गाडीत टर्बो घालून ताकद वाढवण्याची हौस फक्त खिशाचा प्रश्न नाही. ज्यांना वेगाची खरी ओढ आहे, त्यांच्यासाठी शर्यतीचे ट्रॅक आहेत. गल्लीत शाळेची मुलं चालत असतात. त्या मुलांना आपल्या गाडीचा टॉर्क किती, हे ठाऊक नसतं. १९७१ साली अमेरिकेत जे सुटलं होतं, ते फक्त रबर होतं. पण त्याच्या पुढ्यात रस्ता होता आणि रस्त्यावर माणसं होती.

मोकळं सोडणं आणि बांधणं, यांचा मेळ घालायचा प्रयत्न इंजिनिअरांनी सोडलेला नाही. आधी रबराच्या पोटात द्रव भरलेली माउंटिंगं आली. बारीक थरथरीला ती मऊ राहतात, मोठ्या हेलकाव्याला विरोध करतात. पोर्शेने २००९ च्या ९११ जीटी-थ्री गाडीसाठी त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. माउंटिंगमधल्या द्रवात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण. भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण केलं की द्रव क्षणात घट्ट होतो. गाडी सावकाश चालली आहे तोवर माउंटिंग मऊ, ड्रायव्हरने वळणावर जोर धरला की कडक. विजेच्या गाड्यांनाही यातून सुटका नाही. त्यांच्यात स्फोट नाहीत, उभ्या गाडीतली थरथर नाही. पण त्यांची मोटर सगळा टॉर्क पहिल्याच क्षणी देते. त्यामुळे तिला धरून ठेवणारी माउंटिंगं त्यांनाही लागतातच.

सव्वाशे वर्षांच्या या इतिहासात धक्का कधीच नाहीसा झालेला नाही. त्याचा फक्त पत्ता बदलत गेला. कधी तो इंजिनाच्या कवचावर आला, कधी टॅक्सीवाल्याच्या कण्यात, कधी रबरात, कधी वेल्डिंगच्या सांध्यात. म्हणून गाडीची ताकद वाढवायला निघालेल्या प्रत्येकाने आधी एवढंच विचारावं, की हा जादा धक्का आता कुणाकडे जाणार आहे? आणि ज्यांना ताकदबिकद काही वाढवायची नाही, त्यांनीही गाडी सर्व्हिसिंगला टाकताना तेल, ब्रेक, टायर यांच्या जोडीला एक वाक्य बोलावं, ‘‘जरा माउंटिंग बघा.’’ मेकॅनिक बॉनेट उघडेल, कोणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगेल आणि इंजिन किती कलतं ते बघेल. पाच मिनिटांचं काम आहे.